पाय नसलेली खुर्ची

जपानला वसंतात जावं, असं सगळं जग सांगतं. साकुरा फुललेला असतो, हवा गार असते, फोटो बरे येतात. आम्ही जुलैअखेरीस गेलो, कारण तेव्हा टूर स्वस्त असते. ती का स्वस्त असते, हे माहितीपत्रकात नव्हतं. तिथे होतं, ‘जुन्या जपानच्या पाऊलवाटांवर : ऐतिहासिक गावं, हिरवीगार खेडी’. नवऱ्याने ‘हिरवीगार’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पैसे भरले. बरोबर ताई निघाल्या. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, पुण्यातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे नाजूक, बाकी काहीही नाजूक नाही.

जून ते जुलैचा मध्य हा तिथला पावसाळा. तो उरकला की पारा पस्तिशीवर जाऊन बसतो आणि हवेतला दमटपणा मात्र जागचा हलत नाही. ‘ठाणेकराला कुणी उकाडा सांगू नये,’ असं नवरा विमानतळावर म्हणाला होता. पोचल्यावर पहिल्याच दुपारी तो एका व्हेंडिंग मशीनला टेकून उभा होता आणि त्याच्या गार काचेला आळीपाळीने दोन्ही गाल लावत होता. गाईडबाईंनी अदबीने विचारलं, ‘साहेबांना त्यातलं काही हवंय का?’ मी म्हटलं, ‘नाही, त्यांना हवं ते मिळालंय.’

वर झाडांत सिकाडा. आपला रातकिडा निदान रात्रपाळी करतो. हे दिवसपाळीवाले पहाटे पाचला कामावर हजर होतात आणि ऊन चढेल तसा आवाज चढवतात. ताईंना सवय आहे, की त्यांनी ‘शांतता!’ म्हटलं की शांतता होते. त्यांनी एकदा वर बघून तसं म्हणूनही पाहिलं.

गाईडबाई साठीच्या पुढच्या, लहानखुऱ्या. भर उन्हात पूर्ण बाह्या, हातमोजे, छत्री, हातात पिवळा झेंडा, आणि चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. त्या वेळ सांगायच्या ती अशी : ‘दहा सत्तेचाळीसला बसपाशी.’ नाशिकच्या काकूंनी विचारलं, ‘म्हणजे पावणेअकराला ना?’

‘पावणेअकराला तिथे बस नसते. दहा सत्तेचाळीसला असते.’

मग आमचा टूर मॅनेजर, डोंबिवलीचा मुलगा, माईक घेऊन मराठीत भाषांतर करायचा : ‘काका-मावशी, साडेदहा. सगळ्यांनी साडेदहाला यायचंय.’ अशा रीतीने आमची बस दोन घड्याळांवर चालत होती आणि तरीही आम्ही अठ्ठेचाळीसलाच पोचत होतो.

सुरुवात मात्सुमोतोच्या किल्ल्याने झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरचा, काळाकुळकुळीत, खंदकाच्या पाण्यात प्रतिबिंब. सगळे आ वासून बघत असताना नवरा इकडेतिकडे काहीतरी शोधत होता.

‘डोंगर कुठंय?’

‘कसला डोंगर?’

‘किल्ल्याचा. हा तर सपाटीवर आहे. याला किल्ला कसं म्हणायचं?’

‘भुईकोट म्हणायचं,’ ताई म्हणाल्या. ‘चाकणचा काय डोंगरावर होता?’

विषय तिथेच संपला. मुख्याध्यापिका बरोबर असण्याचा हा एक फायदा.

दारात बूट काढायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन वर चढायचं. हा किल्ला बाहेरून पाच मजली दिसतो आणि आत सहा मजले निघतात. तिसरा मजला बिनखिडक्यांचा, अंधारा, शत्रूला बाहेरून कळूच नये असा. त्यांच्या शत्रूंचं मला माहीत नाही, मला तो नीट कळला. जिने लाकडी, गुळगुळीत, आणि सगळ्यात खडा जिना ६१ अंशांचा. एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा, पर्स दातांत धरायची तेवढी बाकी. ताई खाली खंदकाजवळच्या बाकावर बसल्या होत्या. माझ्या पुढे नवरा होता. त्याच्या उजव्या मोज्याला टाचेवर रुपयाएवढं भोक होतं आणि ते माझ्या नाकासमोरून सहाही मजले चढत गेलं. टूरवाल्यांनी सामानाची दोन पानी यादी दिली होती. त्यात शिट्टी होती, सुईदोरा होता, ‘धड मोजे’ नव्हते. आणि जपानमध्ये माणसाची पारख होते ती मोज्यांवरून, कारण बूट कुणाला दिसतच नाहीत. ते सदा दाराबाहेर.

त्यात आमचे बूट घोट्यापर्यंतचे, नाडीचे. ‘डोंगरवाटेसाठी अनिवार्य’ असं यादीतच ठळक अक्षरांत होतं. डोंगरवाट आठ किलोमीटर होती. उरलेला सगळा प्रवास बूट काढणे आणि बूट घालणे यांतच झाला. देऊळ आलं, काढा. जुना वाडा, काढा. चहाचं दुकान, काढा. आम्ही पायरीवर ओळीने बसून नाड्या सोडत असू, आणि मागे जपानी मंडळी विलक्षण सोशिकपणे उभी असत. त्यांचे बूट नुसत्या पाय झटकण्याने निघतात. शिवाय निघाल्या निघाल्या तोंड दाराकडे करून ते शिस्तीत उभेही राहतात. आमच्या बुटांची तोंडं आठ दिशांना. गाईडबाई सगळे आत गेले की खाली बसून हळूच आमचे सगळे बूट सरळ लावायच्या. हे ताईंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून आख्ख्या ग्रुपचे बूट सरळ लागायला लागले.

नाराई हे किसो खोऱ्यातलं गाव, जवळपास किलोमीटरभर लांब आणि एकच रस्ता. दोन्ही बाजूंना काळपट लाकडी घरं, ठिकठिकाणी झऱ्याचं पाणी लाकडी कुंडीत पडतंय. तिथे मी काय पाहिलं म्हणाल तर ते पाणी. प्रत्येक कुंडीपाशी थांबून मी मनगटं बुडवली. इतिहास माझ्या पाठीमागे चालू होता.

मुक्काम त्याच खोऱ्यातल्या एका जुन्या धाटणीच्या जपानी विश्रामगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये. खोली फार सुंदर होती. खोलीत काहीही नव्हतं. चटया, एक बुटकं टेबल, कोनाड्यात एकच फूल, आणि टेबलाभोवती चार खुर्च्या. खुर्च्यांना पाठ होती, बैठक होती, गादीही होती. पाय नव्हते. पाठ थेट जमिनीतून उगवलेली.

ताईंनी दारातूनच विचारलं, ‘यांचे पाय कुठायत?’

‘बाहेर काढून ठेवले असतील,’ नवरा म्हणाला. ‘बुटांसारखे.’

बसणं फारसं अवघड नाही. अर्ध्यावर गेलं की उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. प्रश्न उठण्याचा. नवरा आधी कुशीवर व्हायचा, मग रांगायच्या पवित्र्यात यायचा, तिथे थोडा वेळ काहीतरी शोधत असल्यासारखं करायचा आणि मग टेबलाला धरून, ‘आई गं’ च्या तालावर उभा राहायचा. ताईंना उठवायला दोघं लागायची. एक ओढायला, एक मागून धीर द्यायला. आणि नेमकी अशा वेळी सरकतं दार उघडून मालकीणबाई यायच्या. ताईंहून चार-पाच वर्षांनी मोठ्याच असाव्यात. दाराशी गुडघ्यांवर बसायच्या, वाकायच्या, ट्रे आत सरकवायच्या, आणि कशालाही हात न लावता, कुठेही न कुरकुरता, सरळ उभ्या. किमोनोची घडीसुद्धा मोडायची नाही. दर खेपेला ताई त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहायच्या. शेजारच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागल्यावर बघावं तसं.

जेवण सहाला. सहा म्हणजे सहा. चिमुकल्या वाट्या, त्यांत चिमुकले पदार्थ, एका पानावर एकच मटार. नवऱ्याला मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला आयु मासा आला. ओढ्यातून पोहत निघाला असताना वाटेत भाजला गेल्यासारखा वळसा घेतलेला. तो खूश. शाकाहाऱ्यांची गोष्ट वेगळी. गाईडबाईंनी महिनाभर आधीपासून फोन केले होते आणि आता त्या हात जोडून निवेदन करत होत्या, की मासा नाही, मांस नाही, अंडं नाही, मात्र भोपळ्याच्या वाटीत, सूपमध्ये, वांग्यावरच्या रसात आणि बहुधा त्या मटारातही दाशी आहे. म्हणजे सुकवून, धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचं पाणी. जपानी स्वयंपाकघरात त्याशिवाय पान हलत नाही. खोटं बोलल्या असत्या तर सगळे सुखाने जेवले असते. पण त्या जपानी होत्या.

मुलुंडच्या जैन जोडप्याने एकेका वाटीवर झाकण ठेवत आणलं. नाशिकच्या काकू समजूत घालायला गेल्या : ‘अहो, मासा नुसता पाण्यातून जाऊन आलाय. राहिलाय कुठे!’

तेव्हा ताईंनी पर्समधून मेतकुटाचा डबा काढला. तिथला तांदूळ आखूड, मऊ, जरा चिकट, गुरगुट्या भाताला घडवून आणल्यासारखा. त्यावर मेतकूट, विमानातून जपून आणलेली तुपाची पुडी, आणि बाजूला उमेबोशी, म्हणजे त्यांचं ते खारट-आंबट लाल फळ, तोंडात टाकलं की एक डोळा आपोआप मिटतो. पहिल्यांदा जैन जोडपं जेवलं. मग शाकाहारी. मग ज्यांना दाशी चालत होती तेही बारा वाट्या बाजूला सारून रांगेत आले. मालकीणबाई भाताचं दुसरं लाकडी घमेलं घेऊन आल्या, डब्याकडे पाहिलं, परवानगी मागून बोटाच्या टोकावर मेतकूट घेतलं आणि ‘ओइशी’, म्हणजे ‘छान लागतंय’, म्हणाल्या. तिथे काहीही खाल्लं की ओइशी म्हणतात. पण बाईंनी दुसऱ्यांदा मागितलं. ताईंनी कागदाच्या पुडीत बांधून दिलं आणि कृती सांगायला सुरुवात केली, मराठीत. त्या जपानीत मान हलवत होत्या. चण्याच्या डाळीपर्यंत दोघींचं व्यवस्थित जमलं होतं.

जेवणानंतर ओन्सेन. गरम पाण्याच्या झऱ्याचं सार्वजनिक स्नान. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, कपडे कुणाच्याच अंगावर नाहीत. माहितीपत्रकात याचं वर्णन ‘पारंपरिक अनुभव’ असं होतं. ज्या बाईसमोर मी लग्नानंतर कित्येक वर्षं गाऊनवर ओढणी घेत होते, त्या बाईसोबत मी तो पारंपरिक अनुभव घ्यायचा होता. मी म्हटलं, मला कसर आहे. ताई म्हणाल्या, ‘पैसे भरलेत.’ सासरचं हे वाक्य मला माहीत आहे. त्यापुढे कधी कुणाचं चाललेलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी तोडगा काढला. ‘चष्मा काढला की मला काही दिसत नाही. तूही काढ.’ मी काढला. झाली अब्रूची सोय. मग बुटक्या स्टुलावर बसून, बादली-तांब्याने आधी स्वच्छ अंघोळ, कारण त्या पाण्यात मळ घेऊन जायचं नसतं. मग हातभर टॉवेलची घडी डोक्यावर ठेवायची, तो पाण्याला लागता कामा नये, आणि आत उतरायचं. पाणी चाळिशीच्या वर. दिवसभर पस्तिशीत उकडल्यानंतर माणूस संध्याकाळी स्वखुशीने चाळिशीत का उतरतो, ते उतरल्यावरच कळतं. ताईंच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला. ‘गुडघे गेले गं,’ त्या म्हणाल्या. घाबरून विचारलं तर म्हणाल्या, ‘दुखायचे गेले.’ कोपऱ्यात एक बाई केव्हाची नुसती बसून होती. जाताना आम्ही दोघींनी तिला कमरेत वाकून अभिवादन केलं. बाहेर येऊन चष्मा लावल्यावर काचेतून दिसलं, ती बादल्यांची चळत होती.

खोलीत परतलो तर टेबल गायब आणि जमिनीवर गाद्या घातलेल्या. रात्री कधीतरी जाग आली. अंधारात नवरा रांगत होता, ताई छताकडे बघत होत्या. झोप कुणालाच नव्हती, मग गप्पा निघाल्या त्या गुहागरकडच्या जुन्या घराच्या. तिथेही चपला ओसरीच्या खाली. तिथेही जेवायला जमिनीवर, अंघोळीला तांब्या, झोपायला सकाळी गुंडाळून ठेवायची गादी, कपाळ आपटेल इतकं बुटकं दार. तिथून उठून या दोघांनी मोठ्या कष्टाने पलंग गाठला, डायनिंग टेबल गाठलं, सोसायटीच्या मीटिंगांत भांडून लिफ्ट बसवून घेतली. आणि आता माणशी काही लाख भरून एक साठीची बाई झेंडा दाखवत त्यांना परत जमिनीवर आणून बसवत होती. ‘तिथे फुकट होतं,’ नवरा अंधारातून म्हणाला. तो येन निम्मे करून, त्यात थोडे वाढवून रुपये काढतो. तेव्हाही काढत असणार.

दुसऱ्या दिवशी ती आठ किलोमीटरची वाट. तोक्योला एदो म्हणत त्या काळात पाच राजमार्ग होते. त्यांतला नाकासेन्दो डोंगरांमधून एदो ते क्योतो जायचा, सुमारे ५३० किलोमीटर, वाटेत ६९ मुक्कामाची गावं. आम्ही त्यातल्या मागोमेपासून त्सुमागोपर्यंत चालणार होतो. गुडघेवाले लोक, म्हणजे ताई आणि आणखी चौघं, गावातल्या बसने पुढे गेले. मागोमे म्हणजे दगडी फरसबंदीचा खडा चढ, दोन्हीकडे दुकानं आणि अक्रोड-मिसो लावून भाजलेला भाताचा गोहेई मोची. तो खाल्ला आणि काडी हातात राहिली. टाकायला कचराकुंडी नाही. १९९५ साली तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून देशातल्या बऱ्याचशा सार्वजनिक कचराकुंड्या काढून टाकल्या गेल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा. आपलं घर ठाण्याला.

रानात शिरल्यावर वाटेवर खांबाला टांगलेल्या पितळी घंटा दिसायला लागल्या. अस्वलाला आपण आलोय हे कळावं म्हणून जाता-येता वाजवायच्या. मॅनेजरने पहिली घंटा दणकून वाजवली, आणि नाशिकच्या काकू आपली फुगलेली पर्स उघडत लगबगीने पुढे आल्या. ‘आली का घंटागाडी?’ दोन दिवसांची वेष्टनं होती बिचारीकडे.

नवऱ्याने तोवर चढासाठी एक छान सरळ काठी उचलली होती. गाईडबाई हिनोकीच्या झाडांखाली थांबून सांगू लागल्या, की हे किसोचं लाकूड फार मोलाचं, देवळांना आणि किल्ल्यांना लागणारं. जुन्या काळी इथे सरळ हिशेब होता, एका झाडाला एक मुंडकं. चोरून झाड तोडलं की तोडणाऱ्याचंही तोडायचे. मागे वळून बघितलं तर नवऱ्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि काठी वाटेपासून चांगली दहा पावलं लांब पडली होती.

अर्ध्या वाटेवर एक जुनं चहाघर आहे. आत मातीची जमीन, चुलीचा धूर, वर साखळीला टांगलेली किटली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा. फुकट ऐकून नवऱ्याने दोनदा खात्री केली. बसायच्या चौथऱ्यावर जायचं तर बूट काढायचे. मी उभ्याने प्यायले.

त्सुमागोला पोचलो तेव्हा आमचे चेहरे बघून एका दुकानदाराने न मागता पंखा आमच्याकडे वळवला. आणि समोर, एका पागोळीच्या सावलीत, पंख्याने वारा घेत, गाव आपल्या मालकीचं असल्यासारख्या ताई. गावात डोक्यावर एक तार दिसत नाही, दिवसा मुख्य रस्त्यावर गाडी नाही. लोक सोडून चालले होते, घरं पडायला आली होती, तेव्हा गावकऱ्यांनीच सगळं सावरलं.

‘१९७१ साली तीन नियम केलेत यांनी,’ ताई बोटं मोजत म्हणाल्या. ‘घर विकायचं नाही. भाड्याने द्यायचं नाही. पाडायचं नाही.’ आणि भावाकडे बघत राहिल्या.

‘गुहागरच्या कागदांवर पहिली सही तुझी होती, ताई.’

‘शौचालय बाहेर होतं,’ ताई म्हणाल्या आणि पंख्याचा वेग वाढवला.

ताकायामाबद्दल मला फार सांगता येणार नाही. १६९२ पासून थेट शोगूनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, अमलाखाली गेलेल्या या मुलखाची कचेरी तिथे अजून उभी आहे, आणि मला आठवतो तो तिच्या दाराशी टांगलेला हातभर लांबीचा लोखंडी शूहॉर्न. न वाकता पाय बुटात! नवऱ्याने तो दोन्ही हातांत घेऊन निरखला. किल्ल्यात त्याने तलवारी इतक्या आदराने पाहिल्या नव्हत्या. साकेच्या जुन्या भट्ट्यांबाहेर देवदाराच्या पानांचे मोठे गोळे टांगलेले असतात. आत चव बघायला देतात. तिथे बूट काढायला लागत नाहीत, म्हणून आम्ही बराच वेळ थांबलो.

शिराकावागोची गवती छपरं मात्र खरोखर बघण्यासारखी. बर्फ घसरून पडावं म्हणून साठ अंशांपर्यंतचा उतार, छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, सगळं दोऱ्या आणि लवचिक फांद्यांनी आवळलेलं. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. १९९५ पासून जागतिक वारसा. शाकारणी तीस-चाळीस वर्षांनी येते आणि तेव्हा गावातली शे-दोनशे माणसं मिळून एक-दोन दिवसांत आख्खं छप्पर बदलतात. पैसे नाहीत, आज तुझं, पुढे माझं. ‘आपल्याकडे दरवर्षी असायची, आणि दरवर्षी गडी यायचा नाही,’ नवऱ्याला आठवलं. मग आम्ही शिडीवरून त्या माळ्यावर चढलो. जुलैत. गवताखाली. दोन मिनिटांत मला रेशमाच्या किड्यांबद्दल आदर वाटू लागला.

कानाझावाला सोन्याचं आईस्क्रीम. देशातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख, ९९ टक्के, या एका शहरात होतो. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ. बाई चिमट्याने अख्खं पान उचलून कोनावर पसरते. भाव हजार येनच्या घरात. नवऱ्याने निम्मे केले, थोडे वाढवले, गप्प झाला आणि तरीही घेतलं, कारण सोनं आहे. चवीला ते कशासारखंच लागत नाही. उडतं मात्र फार. निम्मा वर्ख त्याच्या मिशीला चिकटला. तो पुसायला तयार होईना. शेवटी त्या सोनेरी मिशीसकट आम्ही केनरोकुएन ही प्रसिद्ध बाग पाहिली. ‘सिंहगड रोडला ओकायामाच्या मैत्रीखातर केलेली बाग आहे आमची, तिथे सावली जास्त आहे,’ असा शेरा ताईंनी मारला. पण तळ्याकाठच्या दगडी दिव्यापाशी त्या रेंगाळल्या. त्या दिव्याला दोन पाय, एक पाण्यात, दुसरा आखूड, दगडावर टेकवलेला. ‘याचाही डावाच गुडघा वाटतं,’ त्या म्हणाल्या.

शेवटचा मुक्काम गुजो हाचिमान. डोंगरात वसलेलं छोटं गाव, रस्त्याकडेने खळखळ वाहणारे पाट, आणि एक उद्योग : हॉटेलांच्या काचेमागे ठेवतात ते खोटे पदार्थ. आम्हाला मेणाचा तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी, करायला शिकवलं. कोमट पाण्यात रंगीत मेण ओतायचं, त्यात कोळंबी गुंडाळायची, झालं. मुलुंडच्या जैन मावशींनी तीन कोळंब्या केल्या. ‘आख्ख्या जपानात हीच शुद्ध शाकाहारी,’ म्हणाल्या आणि डब्यात भरून घेतल्या.

रात्री गुजो ओदोरी. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून जास्त रात्री हे गाव रस्त्यावर नाचतं. चारशे वर्षांची चाल. ओबोनच्या, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाच्या दिवसांत, १३ ते १६ ऑगस्ट, तर पहाटेपर्यंत. २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या लोकनाचांमध्ये हाही आहे. मध्ये लाकडी मंडपात शामिसेन हे तीन तारांचं वाद्य आणि गाणारे, भोवती माणसांचा गोल. तिकीट नाही, प्रेक्षक नाहीत, कुणीही शिरायचं. शेकडो गेता, म्हणजे लाकडी चपला, एकदम डांबरावर आपटतात, खट्, खट्, तो आवाज तळपायातून वर चढतो. मॅनेजरने बजावलं : ‘नऊ वीसला बस. म्हणजे नऊला. ऐकताय ना मावशी?’

मी गोलात शिरले. समोरच्या जपानी आजींचं बघून हात वर, पाय पुढे, टाळी. तिसऱ्या फेरीला मागून खांद्यावर टकटक झाली.

‘चुकतेयस,’ ताई म्हणाल्या. ‘टाळीच्या आधी पाय मागे घ्यायचा. झिम्म्यासारखा. बाजूला हो.’

झाले बाजूला. त्यांची काठी माझ्या हातात आली. किल्ला, माळा, घाट, सगळीकडे बाकावर बसून राहिलेल्या ताई गोलात गेल्या आणि दोन फेऱ्यांत त्यांचं पाऊल बसलं. मंगळागौरी जागवलेली बाई ती. संथ गाणं संपून घोड्याचा लगाम खेचल्याचा आविर्भाव असलेलं जलद गाणं लागलं तेव्हा मला वाटलं आता येतील. त्यांनी पदर खोचला. नाशिकच्या काकू त्यांच्या मागे, जैन मावशी त्यांच्या मागे, आणि पुढे त्या जपानी आजी, मागे वळून वळून ताईंचं पाऊल बघणाऱ्या.

नऊ वाजले. मॅनेजर माणसं मोजायला आला. आम्ही अठ्ठावीस. पण गोल फिरत होता. मॅनेजर एका जागी उभा राहून मोजत होता आणि नाशिकच्या काकू त्याच्यासमोरून तिसऱ्यांदा गेल्या होत्या. त्याचा आकडा चौतीसवर गेला. मग त्याने गाईडबाईंकडून पिवळा झेंडा घेतला, उंच धरला आणि चालायला लागला. झेंडा दिसला की जपानी माणूस मागे चालतो. बसपाशी मोजले तर अठ्ठावीस बरोबर भरले. दारातल्या दिव्याखाली दिसलं, की त्यांत दोघी त्या गावच्या आजी होत्या, युकाता, म्हणजे सुती किमोनो, घातलेल्या, हातात नाशिकच्या काकूंनी दिलेले बेसनलाडू. गाईडबाईंनी कमरेत वाकून त्यांची क्षमा मागितली. त्यांनी कमरेत वाकून यांची मागितली. बराच वेळ कुणी सरळ होईना.

‘म्हणजे आपले दोन राहिले,’ मॅनेजर म्हणाला आणि धावत गोलाकडे गेला. दहा मिनिटं झाली, तो येईना. नवरा त्याला बघायला गेला. तोही येईना. नऊ एकतीसला गाईडबाईंनी घड्याळ पाहिलं, छत्री मिटून माझ्या हातात दिली, हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, ‘मी त्यांना घेऊन येते.’ पावलं मात्र इथूनच तालात पडत होती.

ड्रायव्हरने एकदा घड्याळाकडे, एकदा त्या गोलाकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.